अभ्यास की मित्रमैत्रिणी? दोन्ही सांभाळता येतं, फक्त वेळेचा हिशेब हवा

तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल मी हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून मोबाइलवर पाहिला होता. पाच विषय पास आणि एका विषयासमोर नापासाची खूण. कॉलेजच्या भाषेत सांगायचं तर ‘केटी लागली’. आईला फोन करायचं धाडस संध्याकाळपर्यंत झालं नाही. केला तेव्हा ती रागावली नाही. फक्त एवढंच म्हणाली, “मैत्रिणी जरा कमी कर आता.”

मी कमी नाही, बंदच केल्या. पुढचं सेमिस्टर लायब्ररी, मेस आणि खोली यांतच गेलं. गुण छान मिळाले, केटीही सुटली. पण त्याच काळात माझ्या शेजारच्या खाटेवरची मैत्रीण आठ दिवस गावी जाऊन आली. मला वाटलं, सुट्टीला गेली असेल. परत आल्यावर कळलं की तिच्या बाबांना हार्ट अ‍ॅटॅक आला होता. “मला सांगितलं का नाहीस?” असं विचारलं तर ती सहज म्हणाली, “तुझा अभ्यास चालला होता ना, म्हणून.”

हे वाक्य मला त्या केटीपेक्षा जास्त लागलं. एकदा मी मैत्रिणींसाठी अभ्यास सोडला होता आणि एकदा अभ्यासासाठी मैत्रिणी. दोन्ही वेळा चुकलेच. कॉलेजमध्ये शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींची अशीच ओढाताण होत असते. तुमचीही होत असेल किंवा तुमच्या घरातल्या कुणाची होत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

बारावीनंतर नेमकं काय बदलतं?

बारावीपर्यंत आपला दिवस दुसरं कुणीतरी आखून देत असतं. शाळा, क्लास, टेस्ट, आईची हाक, सगळं ठरलेलं. कॉलेजमध्ये पाऊल ठेवलं की हे एकदम थांबतं. लेक्चरला दांडी मारली तर घरी फोन जात नाही. दुपारी दोनला मोकळे झालात तर पुढे काय करायचं हे विचारणारं कुणी नसतं. त्यात घर सोडून दुसऱ्या शहरात आला असाल तर रात्री किती वाजता झोपायचं हेही तुमच्याच हातात असतं.

वेळ भरपूर आहे असं वाटतं खरं, पण सेमिस्टर फार छोटं असतं. शिकवण्याचे आठवडे साधारण पंधरा. चार क्रेडिटच्या एका थिअरीच्या विषयाला सगळं मिळून साठ तास. त्यातच इंटर्नल, सबमिशन, प्रेझेंटेशन, ओरल. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते ती वेगळीच. पूर्वीसारखं वर्षभर मजा करून शेवटच्या दोन महिन्यांत अभ्यास उरकणं आता जमत नाही, कारण गुणांचा बराचसा वाटा लेखी परीक्षेच्या आधीच ठरून गेलेला असतो.

त्यातून आपल्याकडचं पहिलं सत्र म्हणजे सणांचा काळ. जुलैमध्ये कॉलेज सुरू होतं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपती येतात, मग नवरात्र, गरबा, आणि दिवाळीच्या आगेमागे परीक्षा. एकांकिका स्पर्धा, युवा महोत्सव हेही याच दिवसांत. मोहाचे सगळे दिवस नेमके अभ्यासाच्या दिवसांत येऊन बसलेले असतात.

वेळ खरंच जातो कुठे?

तिसऱ्या सेमिस्टरमध्ये मी पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात होते. गणपतीआधी दोन महिने रोज संध्याकाळी सराव असायचा. केटी लागल्यावर सगळ्यांनी खापर त्या ढोलावर फोडलं आणि मलाही ते पटलं. पण आमच्याच पथकात ताशा वाजवणारी एक मुलगी सीएचा अभ्यास करत होती. तीही रोज सरावाला यायची, मिरवणुकीतही होती, आणि तिची परीक्षा व्यवस्थित पार पडली.

फरक कुठे होता ते मला उशिरा समजलं. नऊला सराव संपला की ती ताशा जागेवर ठेवून, सगळ्यांना हात करून निघायची. मी मात्र त्यानंतर टपरीवर तासभर ‘निघू या, निघू या’ म्हणत उभी असायचे. खोलीवर आल्यावर सरावाचे फोटो बघणं, ते टाकणं, कुणी काय लिहिलं ते पाहणं यात बारा वाजायचे. माझा अभ्यास अडीच तासांच्या ढोलाने बुडाला नव्हता. त्याच्या पुढच्या तीन तासांनी बुडाला होता, आणि त्या तीन तासांतलं आज मला काहीही आठवत नाही.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. कॉलेज रोज साडेपाच तास, सहा दिवस, म्हणजे ३३. जाण्यायेण्यात रोज दोन तास धरले तर १२. आंघोळ, जेवण, कपडे, घरातली कामं यांना रोज तीन तास, म्हणजे २१. एकूण झाले ११५. उरले ५३. त्यातले सहा दिवस रोज तीन तास स्वतःच्या अभ्यासाला दिले तर १८ आणखी गेले. तरीही ३५ तास शिल्लक राहतात, म्हणजे रोजचे सरासरी पाच!

आता मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन टाइम बघा. तो रोज साडेतीन तास निघाला, तर आठवड्याचे साडेचोवीस तास तिथेच गेले. म्हणजे ‘मित्रांमुळे अभ्यास होत नाही’ आणि ‘अभ्यासामुळे मित्रांना भेटता येत नाही’ ही दोन्ही वाक्यं बहुतेकदा अर्धवट खरी असतात. अभ्यास आणि मैत्री एकमेकांचा वेळ जेवढा खातात, त्याहून जास्त वेळ या दोन्हींत न मोडणारा टाइमपास खातो. पुस्तक उघडं आणि हातात मोबाइल, किंवा मित्र समोर आणि डोक्यात उद्याचं सबमिशन, अशा अवस्थेत आपण धड कुठेच नसतो.

आधी सेमिस्टरचं कॅलेंडर भिंतीवर लावा

सेमिस्टर सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात एक साधं कॅलेंडर घ्या. त्यावर इंटर्नलच्या, सबमिशनच्या आणि परीक्षेच्या अंदाजे तारखा लाल पेनाने लिहा. निळ्या पेनाने सण, घरातलं लग्न, फेस्ट, मित्रांचे वाढदिवस, ठरलेली ट्रिप लिहा. कुठे लाल आणि निळं एकाच आठवड्यात आलं आहे ते लगेच दिसतं. त्या आठवड्याचं काम आधीच्या आठवड्यात ओढून घ्यायचं, एवढंच.

मला स्वतःला याचा सर्वांत मोठा फायदा असा झाला की मजा करताना अपराधी वाटणं बंद झालं. गणपतीचे दिवस आधीच ‘अभ्यास नाही’ म्हणून सोडलेले असले की मिरवणुकीत नाचताना मनात पुस्तक येत नाही.

थोडा अभ्यास, पण रोजचा

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विसरण्याबद्दलचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो स्वतःच पाठ करायचा आणि किती वेळाने किती विसरलो ते मोजायचा. त्याला दिसलं की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो आणि पुन्हा पुन्हा उजळणी केली की लक्षात राहण्याचा काळ वाढतो. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. आज वर्गात जे शिकवलं ते आजच संध्याकाळी वीस मिनिटं चाळलं, तर परीक्षेच्या आदल्या रात्रीचा बराच त्रास वाचतो.

त्यासाठी या काही गोष्टी करून बघा:

लेक्चर बसा. हजेरीसाठी बसायचंच आहे, तर ऐकून घ्या. वर्गात लक्ष देऊन काढलेल्या नोट्स घरचा निम्मा अभ्यास करून ठेवतात.

ऑफ लेक्चरचा तास पकडा. दोन लेक्चरच्या मध्ये मिळालेल्या तासात लायब्ररीत जाऊन जर्नल पूर्ण करा. हे आठवड्यातून तीनदा जमलं तरी एक अख्खी संध्याकाळ मोकळी होते.

जुन्या प्रश्नपत्रिका आधी बघा. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या हमखास मिळतात. विषय कसा विचारला जातो हे सुरुवातीलाच कळलं की वाचताना काय लक्षात ठेवायचं ते समजतं.

पंचवीस मिनिटांचं गणित वापरा. फ्रांचेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून अभ्यास सुरू केला. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून ही पद्धत ‘पोमोडोरो’ झाली. टायमर कोणताही चालेल, पण त्या पंचवीस मिनिटांत मोबाइल दुसऱ्या खोलीत हवा.

पुस्तक मिटून स्वतःला विचारा. पाचव्यांदा वाचण्यापेक्षा एकदा वाचून, पुस्तक बंद करून, आठवेल ते कागदावर लिहिणं जास्त उपयोगी पडतं.

मैत्रीलाही ठरलेली वेळ द्या

हे वाचायला विचित्र वाटेल, पण मैत्री ही उरलेल्या वेळेत करायची गोष्ट नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ मध्ये काही तरुण विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू केला. पुढे बोस्टन शहरातल्या गरीब वस्त्यांतली मुलंही त्यात जोडली गेली. ही माणसं म्हातारी होईपर्यंत संशोधक त्यांच्या संपर्कात राहिले. त्यातून ठळकपणे पुढे आलेली गोष्ट म्हणजे, जवळच्या माणसांशी चांगलं नातं असणं हे आनंदाशी आणि आरोग्याशीही घट्ट जोडलेलं असतं. मैत्री म्हणजे वेळ वाया घालवणं, असं म्हणणाऱ्या काकांना हे सांगायला हरकत नाही.

पण सगळ्यांशी घट्ट मैत्री होत नाही आणि तशी गरजही नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर आठ ग्रुप असले तरी रात्री दोनला फोन करता येईल अशी माणसं दोन-तीनच असतात. आधी त्यांना वेळ द्या. आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांच्यासाठी ठेवा आणि त्या वेळी मोबाइल बॅगेत ठेवा.

नाही म्हणायलाही शिका, पण नीट म्हणा. ‘बघते’, ‘जमलं तर येईन’ असं म्हणून ऐन वेळी न जाणं जास्त दुखावतं. त्यापेक्षा “आज नाही जमणार, परवा सबमिशन आहे, पण शनिवारी नक्की भेटू” असं सांगितलं तर कुणी रागावत नाही. आणि मग शनिवारी खरंच जा. तुमच्या ‘हो’ची किंमत राहिली तर ‘नाही’चाही मान राहतो.

पैशांचं ओझंही बोलून दाखवा. कितीतरी मुलं ग्रुपपासून तुटतात ती वेळेमुळे नाही, तर प्रत्येक वाढदिवसाला कॅफेत जाणं आणि काँट्रीब्युशन देणं परवडत नाही म्हणून. हे एकाने बोलून दाखवलं की बाकीचे दोघे-तिघेही सुटकेचा श्वास सोडतात. टपरीवरच्या कटिंगवरही गप्पा तेवढ्याच रंगतात.

उपक्रम निवडा, पण एका वेळी एकच

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून होते आहे आणि आजही त्या एकांकिकांच्या तालमींसाठी मुलं जीव टाकतात. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, १९६९ मध्ये सुरू झाली. त्यात स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करावं लागतं, शिवाय सात दिवसांचं शिबिर असतं. या गोष्टी जरूर करा. माणसांशी बोलणं, वेळ पाळणं, हरणं पचवणं हे सगळं तिथे शिकता येतं.

मात्र एका सेमिस्टरमध्ये एकच मोठी जबाबदारी घ्या. नाटक, फेस्टची कमिटी आणि एनएसएसचं शिबिर तिन्ही एकदम घेतलं तर तिन्हींकडे आणि अभ्यासाकडेही दुर्लक्ष होतं. तालमींमुळे लेक्चर बुडणार असतील तर आधीच सर-मॅडमना भेटून सांगा. सेमिस्टर संपताना हजेरीसाठी गयावया करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

दोन्ही एकत्र साधायचं असेल तर तीन-चार जणांचा अभ्यासाचा गट करा. प्रत्येकाने एकेक धडा वाचून यायचा आणि बाकीच्यांना समजावून सांगायचा. दुसऱ्याला शिकवताना आपल्याला काय आलेलं नाही ते लगेच उघडं पडतं. गप्पा होणारच, म्हणून आधी दीड तास अभ्यास आणि मग चहा, असा क्रम पाळा.

ज्यांना नोकरीही करावी लागते

सगळ्यांकडे ३५ तास शिल्लक नसतात. कुणी कल्याण-कसाऱ्याहून लोकलने ये-जा करतं, कुणी संध्याकाळी दुकानात काम करतं, कुणी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालणाऱ्या ‘कमवा व शिका’ योजनेत तास भरतं. कितीतरी मुलींना घरी गेल्यावर स्वयंपाकाला हात लावावाच लागतो, भावाला मात्र नाही.

तुम्ही यांपैकी असाल तर मित्रांच्या रील्स बघून स्वतःची तुलना करू नका. तुमची मैत्री पंधरा मिनिटांच्या डब्यातही टिकेल, ट्रेनमधल्या सोबतीतही टिकेल. प्रवासात ऐकता येतील असे रेकॉर्ड केलेले नोट्स वापरा. आणि नोट्स मागायला लाजू नका, नंतर तुम्हीही दुसऱ्या कुणाला द्या. घरात बहीण-भाऊ दोघंही शिकत असतील तर कामाची वाटणी दोघांत करायला सांगा. हा विषय घरात काढणं अवघड असतं, पण परीक्षेच्या काळापुरता तरी काढाच.

आईबाबांसाठी दोन शब्द

मुलगा किंवा मुलगी उशिरा घरी आली की ‘कुठे होतास?’ हा प्रश्न तोंडातून निघणं स्वाभाविक आहे. पण कधीतरी ‘आज कोण कोण होतं? तो तुझा मित्र बरा आहे का आता?’ असंही विचारून बघा. मुलांच्या मित्रमैत्रिणींना घरी जेवायला बोलवा. नावं आणि चेहरे ओळखीचे झाले की तुमची काळजी निम्मी कमी होते आणि मुलांचं लपवणंही.

मुलं दुसऱ्या शहरात असतील तर रोज पाच मिनिटांच्या चौकशीपेक्षा रविवारी निवांत अर्धा तास बोला. त्यातली पहिली दहा मिनिटं गुणांचा विषय काढू नका. आणि निकाल बिघडला तर ‘मित्र बंद कर’ म्हणण्याआधी वेळ कुठे गेला ते दोघांनी मिळून कागदावर मांडा. माझ्या आईला आणि मला तेव्हा हे सुचलं नाही.

बिघडलंच तर?

केटी लागली म्हणजे आयुष्य संपलं असं होत नाही. तो विषय पुन्हा देता येतो. फॉर्मची तारीख चुकवू नका आणि त्या विषयाच्या मॅडमना एकदा जाऊन भेटा. झोप मात्र कमी करू नका. या वयात रोज सात ते नऊ तास झोप लागते असं तज्ज्ञ सांगतात आणि रात्रभर जागून वाचलेलं सकाळी पेपरात आठवत नाही, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे.

पण नुसता अभ्यासाचा ताण नसेल, तर कशातच मन लागत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, कुणाला भेटावंसंच वाटत नसेल, तर ते अंगावर काढू नका. घरी सांगा, कॉलेजच्या समुपदेशकांना भेटा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. तुमची एखादी मैत्रीण अचानक गप्प झाली असेल, तर तिच्याजवळ जाऊन बसा. अभ्यास त्या दिवशी एक तास कमी झाला तरी चालेल.

माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीची मी माफी मागितली. तिने ती हसण्यावारी नेली, पण पुढच्या सेमिस्टरपासून आमचं एक ठरलं. रात्री साडेनऊपर्यंत दोघींनी न बोलता अभ्यास करायचा आणि मग मेसच्या ओट्यावर अर्धा तास बसायचं, मोबाइल खोलीत ठेवून. त्या अर्ध्या तासात तिच्या बाबांच्या औषधांपासून माझ्या भाषाशास्त्राच्या पेपरपर्यंत सगळं बोलून व्हायचं. शेवटच्या सेमिस्टरला आम्ही दोघीही चांगल्या गुणांनी पास झालो.

आता ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. गेल्या महिन्यात तिच्या बाबांना पुन्हा अ‍ॅडमिट करावं लागलं, तेव्हा हॉस्पिटलच्या दारातून तिने पहिला फोन मला केला.